फुकट पुस्तकं कुणाच्या घरी जातात?

गेल्या मे महिन्यात घराला रंग द्यायचा होता म्हणून कपाटं रिकामी करायला घेतली आणि कधी नव्हे ते पुस्तकं मोजली. ७१२ भरली. त्यातली मी स्वतःच्या पैशाने घेतलेली १४० च्या आसपास, बाकी सगळी कामातून आलेली, म्हणजे फुकट. मी बारा वर्षं एका मराठी वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत होते, पुस्तकांचं पान माझ्याकडे असायचं. परीक्षणासाठी दोन प्रती मागवायच्या, एक परीक्षण लिहिणाऱ्याला जायची, दुसरी ऑफिसात राहायची, आणि ऑफिसातल्या कपाटात जागा संपली की ती घरी यायची. कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही, कारण माझ्या आधीच्यांनीही तेच केलेलं.

मला एकच गोष्ट सांगायचीय. मराठीत फुकट पुस्तकं भरपूर वाटली जातात, पण ती ज्यांना विकत घेणं परवडतं त्यांच्याचकडे जातात. पत्रकार, प्राध्यापक, पुरस्कारांचे परीक्षक, मोठे अधिकारी, मंत्री, आणि आता इन्स्टावर पुस्तकांबद्दल बोलणारे. ज्या पोराला दोनशे रुपयांचं पुस्तक घ्यायचं तर आठवडाभर विचार करावा लागतो त्याच्यापर्यंत यातलं एकही पोचत नाही. हे बदलता येतं आणि त्याला फार पैसाही लागत नाही, म्हणून लिहितेय.

आधी आनंदाचं सांगते, कारण तो आनंद खरा आहे आणि तो लपवून हा विषय मांडता येणार नाही. आमच्या गावात, आटपाडीच्या बाजूला, ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत ड वर्गाचं, म्हणजे सरकारी अनुदानाच्या सगळ्यात खालच्या वर्गातलं, वाचनालय होतं. दोन लोखंडी कपाटं, एक लांब बाक, संध्याकाळी पाच ते आठ ग्रंथपाल काका बसायचे. नवीन पुस्तकं वर्षातनं एकदा यायची, मार्चअखेर खरेदी दाखवावी लागते म्हणून साधारण फेब्रुवारीत, आणि तो खोका फोडताना आम्ही चार-पाच पोरं काकांच्या भोवती उभी असायचो. दाखल नोंदवहीत नंबर पडल्याशिवाय पुस्तक मिळायचं नाही, त्यामुळे काका नंबर टाकेपर्यंत नुसतं बघत राहायचं. त्या गावातून आलेल्या मुलीच्या टेबलावर रोज सकाळी आठ-दहा पाकिटं यायला लागली, खाकी कागद, सुतळी, आत पहिल्या पानावर 'अभिप्रायार्थ' असा निळा शिक्का. पहिले काही महिने मी सुट्टीच्या दिवशी पण ऑफिसला जायचे, फक्त टपाल बघायला.

आणि सगळ्यात मोठा फायदा पैशाचा नव्हताच. दुकानात गेलं की आपण आपल्या आवडीचंच उचलतो. इथे मात्र जे कुणी पाठवेल ते हातात पडायचं. बोंडअळीवरचं, बंजारा बोलीतल्या गाण्यांवरचं, एका निवृत्त लाइनमनने लिहिलेलं आत्मकथन, कोकणातल्या देवराया, हिशेबतपासनीसांसाठीचं काहीतरी, एकदा तर विहिरींचे प्रकार आणि त्यांचं बांधकाम यावरचं जाडजूड पुस्तक आलं, ते मी कधीच विकत घेतलं नसतं आणि ते मी दोनदा वाचलं. माझी वाचनाची आवड रुंदावली ती या पाकिटांमुळे. पुढचं सगळं म्हणणं यावरच उभं आहे. मला जे मिळालं ते खरं कुणाला मिळायला हवं होतं? त्या बाकावर बसलेल्या पोरांना, ज्यांच्याकडे वर्षातनं एकच खोका यायचा.

आता पैशाचं बघू. मराठीत कवितासंग्रह किंवा नव्या लेखकाची कादंबरी म्हटलं तर आवृत्ती पाचशेची निघाली तरी बरं म्हणायचं अशी स्थिती आहे. समजा ३०० रुपयांचं पुस्तक, ५०० प्रती, आणि त्यातल्या ५० गेल्या फुकट, वर्तमानपत्रांना, मासिकांना, पुरस्कारांना, प्रकाशन समारंभातल्या पाहुण्यांना, ओळखीच्या सरांना. उरलेल्या ४५० सगळ्या पूर्ण किमतीला विकल्या गेल्या असं धरलं (जात नाहीत, विक्रेत्याचं कमिशन असतं, वर्षानुवर्षं गठ्ठे पडून असतात, तरी धरू) आणि लेखकाला १० टक्के मानधन मिळालं, तर त्याला होतात १३,५०० रुपये. आणि फुकट गेलेल्या ५० प्रतींची छापील किंमत होते १५,००० रुपये. म्हणजे लेखकाला जेवढे पैसे मिळणार त्याच्यापेक्षा जास्त किमतीची पुस्तकं आमच्यासारख्यांच्या कपाटात जाऊन बसली. कवी तर बहुतेक वेळा स्वखर्चानेच छापतो, पीएफमधनं पैसे काढून संग्रह काढणारी माणसं मला माहितीयत, त्यांच्या बाबतीत या ५० प्रती सरळ त्यांच्या खिशातनं जातात. त्यात टपालखर्च वेगळा. २०२४ च्या डिसेंबरात रजिस्टर्ड बुक पोस्ट ही सवलतीची सेवा बंद झाली, तेव्हापासून एक पुस्तक पाठवणंसुद्धा छोट्या प्रकाशकाला जड जातंय.

पुरस्कारांचं तर वेगळंच आहे. गावोगावी साहित्य पुरस्कार आहेत, चांगली गोष्ट आहे, पण जाहिरात वाचा. पुस्तकाच्या तीन प्रती पाठवाव्यात, काही ठिकाणी चार, सोबत प्रवेश शुल्क, आणि शेवटी ठरलेली ओळ, 'प्रती परत केल्या जाणार नाहीत'. का परत केल्या जाणार नाहीत? परीक्षकाने वाचून झाल्या, निकाल लागला, आता शंभर पुस्तकांच्या तीनशे प्रती कुठे गेल्या? मी स्वतः दोन ठिकाणी परीक्षक होते, एका ठिकाणी खोका माझ्याच घरी राहिला, दुसऱ्या ठिकाणी संस्थेच्या हॉलमागच्या खोलीत पावसाळ्यात भिजला. एवढ्या प्रती एखाद्या तालुक्यातल्या आश्रमशाळांना दिल्या असत्या तर प्रत्येक शाळेत एक नवीन कपाट भरलं असतं.

प्राध्यापक आणि शिक्षकांचा प्रश्न याच्याहून नाजूक आहे, कारण तिथे फुकट पुस्तकाचं बिल तिसराच माणूस भरतो. प्रकाशकाचा प्रतिनिधी येतो, स्पेसिमेन कॉपी देतो, वर 'विक्रीसाठी नाही' असं छापलेलं असतं. त्यात मुळात चूक काही नाही, पुस्तक न बघता शिक्षक ते वर्गाला कसं सुचवणार. पण जूनमध्ये फळ्यावर जे नाव लिहिलं जातं ते साठ मुलं विकत घेतात, आणि निवड करणाऱ्याला स्वतःला ते कधीच विकत घ्यावं लागत नाही त्यामुळे किंमत त्याच्या नजरेत भरतच नाही. चारशेचं पुस्तक आहे की नव्वदचं हे त्याला आठवत नसतं. माझी मोठी बहीण ज्युनिअर कॉलेजला शिकवायची, ती म्हणायची की आमच्या स्टाफरूमच्या खिडकीत स्पेसिमेन कॉप्यांचा ढीग आणि खाली लायब्ररीत त्याच विषयाच्या दोनच प्रती, आणि त्या दोन प्रतींसाठी रांग. वरून खाली पुस्तक नेणं हा फक्त एका जिन्याचा प्रश्न होता.

डॉक्टरांच्या बाबतीत हा विचार आपण थोडा तरी केलाय. औषध कंपन्यांच्या जाहिरात-व्यवहारासाठी केंद्र सरकारने २०२४ मध्ये जी संहिता आणली त्यात डॉक्टरला भेटवस्तू द्यायला मनाई आहे, पण पुस्तक, डायरी, कॅलेंडर असलं माहितीपर काही असेल तर नगाला हजार रुपयांपर्यंत चालतं. तिथे निदान एक आकडा कागदावर आला. पुस्तकांच्या आमच्या व्यवहारात कागदावर काहीच नाही. वर्तमानपत्रात महिन्याला किती प्रती आल्या, किती पुस्तकांवर लिहिलं गेलं, उरलेली कुठे गेली, याची नोंद मी काम केलं तिथे तरी कधी नव्हती.

कर खात्याने मात्र याचा विचार केलाय असं म्हणता येईल. जुलै २०२२ पासून असा नियम आहे की धंद्यातून किंवा व्यवसायातून एखाद्याला वर्षाला २०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीचा फायदा वस्तूच्या रूपात मिळाला तर देणाऱ्याने त्यावर १० टक्के कर कापायचा. तेव्हा सोशल मीडियावरचे लोक खूप ओरडले होते. पण त्याचं स्पष्टीकरण देताना खात्याने एक फरक केला, वस्तू वापरून परत केली तर तो फायदा नाही, ठेवून घेतली तर फायदा. मला हा फरक फार आवडला. एका मराठी प्रकाशकाकडून एका माणसाला वर्षात वीस हजारांची पुस्तकं जाणं अवघड आहे त्यामुळे कराचा प्रश्न इथे येणार नाही, पण तत्त्व तेच लावावं. वाचलं आणि पुढे दिलं तर ते काम झालं. ठेवून घेतलं तर ती मिळकत झाली, आणि मिळकत असेल तर तसं मोकळेपणाने म्हणावं.

तशीच दुसरी गोष्ट, सांगण्याची. जाहिरात क्षेत्राच्या आस्की या संस्थेने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सर लोकांसाठी नियम केले, वस्तू फुकट मिळाली असेल तरी ते प्रेक्षकाला स्पष्ट दिसेल असं सांगायचं. ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्राने २०२२ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यातही कंपनीशी असलेला संबंध उघड करायला सांगितलंय. लिपस्टिकला जे लागू ते पुस्तकाला का नको? 'हे पुस्तक प्रकाशकाने पाठवलं' एवढी एक ओळ परीक्षणाखाली टाकायला काय हरकत आहे? मी आमच्या पानावर ही ओळ टाकायचं सुचवलं होतं, तेव्हा उत्तर मिळालं की वाचकाला उगाच शंका येईल. मला उलटं वाटतं. वाचकाला शंका आत्ताच आहे, सगळी परीक्षणं गोड गोड का असतात असं तो विचारतोच. आणि अनुभवाने सांगते, मत मवाळ होतं ते फुकट प्रतीमुळे कमी, ओळखीमुळे जास्त होतं. पहिल्या पानावर सप्रेम भेट, खाली सही, आणि आठव्या दिवशी फोन, 'वाचलंत का?' तो फोन आल्यावर पेन जड होतो.

प्रकाशक मित्रांचं म्हणणं मला माहितीय. ते म्हणतात बाई, ही जाहिरातच आहे, जाहिरातीला पैसे नाहीत म्हणून प्रती देतो, एक चांगलं परीक्षण आलं तर पन्नास प्रती खपतात. हे खरं होतं, पुरवण्या जाड होत्या तेव्हा. आता पानं कमी झाली, पुस्तकाच्या वाट्याला येतात तीन ओळी, नाव, पानं, किंमत. 'साभार पोच' या सदराला मी परीक्षण म्हणत नाही, ती पावती आहे. तीन ओळींसाठी दोन प्रती आणि टपालखर्च हा सौदा लेखकाला परवडत नाही, पण नाही म्हणायची त्याची हिंमत होत नाही, कारण न पाठवलं तर त्या तीन ओळीही नाहीत.

दुसरं म्हणणं परीक्षण लिहिणाऱ्यांचं, आणि ते मला जास्त पटतं. मराठीत परीक्षणाला मानधन एवढं कमी असतं, कित्येक ठिकाणी नसतंच, की पुस्तक हेच मानधन. चार दिवस वाचायचं, दोन दिवस लिहायचं, आणि हातात काय तर ते पुस्तक, तेही सोडा असं मी सांगतेय का? नाही. ज्याने वाचून लिहिलं त्याची ती प्रत त्याची. माझा आक्षेप दुसऱ्या प्रतीवर आहे, न उघडलेल्या पाकिटांवर आहे, परत न येणाऱ्या तीनशे प्रतींवर आहे, खिडकीतल्या ढिगावर आहे. आणि परीक्षण लिहिणाऱ्याला पुस्तकाच्या रूपात पगार देणारं वर्तमानपत्र तो पगार लेखकाच्या खिशातनं देतंय हेही कुणीतरी म्हणायला हवं. वर्तमानपत्राने स्वतः पैसे द्यावेत.

मग करायचं काय? फुकट प्रती बंद करा असं माझं म्हणणं बिलकुल नाही, त्याने तर उरलंसुरलं परीक्षणही मरेल. ई-प्रत पाठवा असंही लोक सांगतात, इंग्रजीत ते चालतं, पण मराठी प्रकाशक पीडीएफ द्यायला घाबरतो आणि त्याचं बरोबर आहे, लॉकडाऊनमध्ये टेलिग्रामवर पुस्तकांच्या चोरट्या पीडीएफ कशा फिरल्या ते आपण सगळ्यांनी पाहिलं. मला वाटतं ऑफिसात एक साधी नोंदवही ठेवावी, वाचनालयात असते तशी. पुस्तक आलं तारीख, कुणाला दिलं, लिहिलं गेलं का. सहा महिन्यांत त्यावर काही झालं नाही तर ते एखाद्या ठरलेल्या वाचनालयाला जाईल, आणि लेखकाला एक कार्ड किंवा नुसता मेसेज जाईल की तुमचं पुस्तक अमुक गावात आहे. एवढंच. पुरस्कार देणाऱ्यांनी तर हे उद्यापासून करावं, 'प्रती परत केल्या जाणार नाहीत' याच्यापुढे 'त्या अमुक शाळेला दिल्या जातील' असं लिहावं, लेखक आनंदाने चौथी प्रत पण देईल.

देण्याची सक्ती हा प्रकार आपल्याला नवा नाही. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायची, प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांत. त्या तीनमध्ये आपलं मुंबईच्या टाउन हॉलमधलं सेंट्रल लायब्ररी आहे. कायदा झाला तेव्हा न पाठवणाऱ्याला दंड ठेवला होता ५० रुपयांपर्यंत आणि वर पुस्तकाची किंमत. म्हणजे फुकट प्रतीचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात चांगला हक्क ग्रंथालयाचा आहे, जिथे ती कुणाच्या मालकीची नसते आणि कुणीही जाऊन मागू शकतो. आणि आज अवस्था अशी की टपालखर्चाचं कारण सांगून तिथे प्रत पाठवायची राहून जाते, पण पुरवणीच्या संपादकाला मात्र वेळेत पोचते. प्रकाशकांनी यावर जरूर विचार करावा.

गावातली वाचनालयं हे पेलतील का, असं विचारतात. ड वर्गाच्या वाचनालयाचं वर्षाचं अनुदान हजारांत असतं, त्यातनंच ग्रंथपालाचा पगार, वर्तमानपत्रं, वीजबिल, आणि मग पुस्तकं. पुस्तक घ्यायची त्यांची भूक आहे, ताकद नाही. आणि पुस्तकं फिरवण्याची पद्धतही आपल्याकडे तयार आहे, नाशिकहून सुरू झालेल्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमाच्या पुस्तकांच्या पेट्या कुठे कुठे पोचल्या, भिलारसारख्या गावात २०१७ पासून लोकांनी घराघरात पुस्तकं मांडली. पण एक सांगते, नको असलेलं तिकडे ढकलणं याला देणं म्हणू नये. मी पहिल्यांदा गावच्या वाचनालयाला दोन खोकी पाठवली तेव्हा मला स्वतःला नको होती ती पाठवली, समीक्षेचे ग्रंथ, गौरवग्रंथ, कुणाकुणाच्या भाषणांचे संग्रह. ग्रंथपाल काका आता नाहीत, त्यांच्या जागी एक मुलगी आहे, तिने फोन करून सरळ सांगितलं, ताई, ही इथे कुणी नेणार नाही, मला पोलीस भरतीचं पाहिजे, शेळीपालनाचं पाहिजे, लहान पोरांची चित्रांची पाहिजेत आणि बायकांना कादंबऱ्या. मला आधी वाईट वाटलं, मग पटलं. भरतीची पुस्तकं परीक्षणाला येतच नाहीत, ती क्लासवाल्यांकडे जातात. ती मी विकत घेऊन पाठवली. कादंबऱ्या मात्र माझ्याकडे होत्या, ढीगभर होत्या.

त्या रंगकामाच्या वेळीच एक न उघडलेलं पाकीट सापडलं. चार वर्षांपूर्वीचा शिक्का. आत दोन प्रती, एका निवृत्त एसटी कंडक्टरच्या मार्गावरच्या आठवणी, स्वखर्चाने छापलेल्या, आणि एक पत्र, अक्षर सुंदर, शेवटी लिहिलेलं की परीक्षण नाही जमलं तर निदान वाचून दोन ओळी कळवा. सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट. मी ते त्या रात्री सगळं वाचलं. मुक्कामी गाडीवरच्या रात्री, बाजाराच्या दिवसाची गर्दी, गाडीत बाळंत झालेली बाई, सुट्ट्या पैशांवरून झालेली भांडणं आणि मग वर्षानुवर्षं टिकलेल्या ओळखी, इतकं जिवंत गद्य मी त्या वर्षी दुसरं वाचलं नव्हतं आणि ते माझ्याच घरात चार वर्षं बंद पडलेलं होतं. ही चूक माझी होती, टपालाची नाही, ऑफिसची नाही.

पत्रातल्या नंबरवर फोन केला. ते स्वतः बोलले. मी माफी मागितली, पुस्तक कसं वाटलं ते सांगितलं, आणि विचारलं की दुसरी प्रत आमच्या गावच्या वाचनालयाला दिली तर चालेल का. ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग विचारलं, आटपाडी म्हणजे कुठल्या मार्गावर, आणि पुस्तकाला नंबर पडला की तो मला कळवाल का?

१८४६ पडलाय. कळवला.